छोट्या हत्तीतलं कलादालन

फिरत्या चित्रप्रदर्शनाची आखणी बहुतेक वेळा उद्घाटनाच्या जागेपासून सुरू होते. नाशिकमध्ये ती जागा म्हणजे गंगापूर रोडवरचं कुसुमाग्रज स्मारक, नाहीतर १८४० साली सुरू झालेलं आपलं सार्वजनिक वाचनालय. तिथे भिंती सरळ असतात, वीज भरवशाची असते, मदतीला चार हात असतात. त्या भिंती डोळ्यांसमोर ठेवून चाळीस-पन्नास चित्रं ठरतात, फ्रेमची मापं ज्याच्या-त्याच्या आवडीची राहतात, आणि यादीच्या शेवटी त्र्यंबक, पेठ, सुरगाणा, कळवण अशी नावं जोडली जातात. मग पेठच्या शाळेत पोचल्यावर कळतं, की भिंतीत खिळा ठोकला तर गिलाव्याचा पोपडा पडतो, खिडक्या दोन्ही बाजूंना आहेत आणि निम्मी चित्रं टेम्पोतून बाहेर काढायलाही जागा नाही. ती मग बाकांवर टेकवून मांडली जातात. पुढच्या वर्षी यादीतून पेठ गळतं, कारण ‘तिथे सोय नाही’.

सोय तिथे नाही हे खरंच आहे. म्हणूनच आखणी तिथून सुरू व्हायला हवी. मार्गावरचा सगळ्यात अडचणीचा मुक्काम कोणता ते आधी शोधायचं आणि चित्रांची संख्या, फ्रेमचं माप, पेटीचं वजन, दिवे, वेळापत्रक हे सगळं त्या एका जागेवरून ठरवायचं. सुरगाण्याच्या शाळेत जे नीट लागतं ते नाशिकला लागतंच, मुंबईलाही लागतं. उलटं होत नाही.

आकडे मांडून बघू. शाळेचा हॉल समजा २० फूट बाय ४० फुटांचा. चारही भिंती मिळून १२० फूट. त्यातून खिडक्या, दारं, फळा, व्यासपीठ आणि थोरामोठ्यांच्या तसबिरी वजा केल्या, की हाताशी जेमतेम ५०-६० फूट उरतात, तेही तुकड्या-तुकड्यांत. २८ इंच रुंदीचं चित्र आणि दोन चित्रांमध्ये एक फूट अंतर धरलं तर एका चित्राला ४० इंच लागतात. म्हणजे भिंतीवर पंधरा ते अठरा चित्रं, आणि चाळीस चित्रांना १३० फुटांहून जास्त भिंत हवी. त्यामुळे भिंतीचा विचारच सोडून द्यावा आणि स्वतःची भिंत बरोबर न्यावी.

ही भिंत म्हणजे घडीची पॅनेल. ३ फूट रुंद आणि ६ फूट उंच असे तीन पल्ले बिजागऱ्यांनी जोडायचे. चौकट एक इंची चौकोनी ॲल्युमिनियम पाइपची, वर ताणून बसवलेलं फिक्या रंगाचं जाड कापड किंवा ज्यूट. उभी करताना तीन पल्ले नागमोडी ठेवायचे. सरळ रेषेत उभं केलेलं पॅनेल पंख्याच्या वाऱ्यानेही कलंडतं. तरी दोन्ही टोकांच्या पायांवर चार-पाच किलोची वाळूची पिशवी ठेवावीच, कारण मुलं पॅनेलला टेकतात. त्यांनी टेकू नये म्हणून ओरडण्यापेक्षा वाळू बरी. प्रत्येक पल्ल्याच्या दोन्ही अंगांना एकेक चित्र लावलं की वजनाचा तोल राहतो. एका घडीवर सहा चित्रं, चार घड्यांवर चोवीस.

पल्ला सहाच फुटांचा का, याचं उत्तर टेम्पोत आहे. तालुक्याच्या गावात सहज मिळणारी आणि शाळेच्या फाटकातून आत शिरणारी गाडी म्हणजे छोटा हत्ती. त्याचा हौदा साधारण ७ फूट लांब आणि ५ फुटांना जरा कमी रुंद. प्लायचा पूर्ण ताव ८ फुटांचा असतो म्हणून पॅनेलही ८ फुटांची करायचा मोह होतो. मग ती मागून फूटभर बाहेर येतात, फाळका बंद होत नाही, ताडपत्री नीट बसत नाही, आणि सावळघाटाच्या वळणांवर सगळा भार दोरीवर येतो.

फ्रेमच्या मापाबाबत मी हट्टी आहे. सगळ्या फ्रेम एकाच मापाच्या हव्यात. नाशिकचं चित्र म्हटलं की बहुतेक जलरंग, आणि जलरंगाचा पूर्ण कागद २२ बाय ३० इंचांचा, अर्धा १५ बाय २२ आणि पाव ११ बाय १५. अर्ध्या कागदाला चारही बाजूंनी अडीच इंचांचा माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, आणि अर्ध्या इंचाची फ्रेमची पट्टी धरली की बाहेरचं माप २१ बाय २८ येतं. पाव कागदाचं चित्रही त्याच फ्रेममध्ये रुंद माउंट देऊन बसवावं. लहान चित्राला भोवती मोकळी जागा मिळाली तर ते खुलतंच. पूर्ण कागदाची चित्रं या फेरीत घेऊ नयेत. चित्रकार नाराज होतात, कारण त्यांचं सगळ्यात महत्त्वाकांक्षी काम अनेकदा त्या मापात असतं. पण एका मोठ्या चित्रासाठी वेगळी पेटी, वेगळी जागा, वेगळी माणसं लागतात, आणि अख्ख्या प्रदर्शनाची चाल त्या एका चित्राच्या चालीने ठरते. एकच माप असलं की कोणतंही चित्र कोणत्याही पेटीत कोणत्याही खाचेत बसतं. रात्री उशिरा, थकलेल्या माणसांकडून, कमी उजेडात पेट्या भरल्या जातात. तेव्हा या एका गोष्टीने फार नुकसान टळतं.

काच की ॲक्रिलिक? २० बाय २७ इंचांच्या तुकड्याला २ मिलिमीटरची काच पावणेदोन किलो भरते, तेवढंच ॲक्रिलिक साधारण ८०० ग्रॅम. चोवीस चित्रांमागे वीस किलोंहून जास्त फरक पडतो, आणि फुटायची भीती जाते. ॲक्रिलिकला ओरखडे मात्र लगेच पडतात. कोरड्या फडक्याने पुसू नये, अमोनिया असलेल्या काच साफ करायच्या फवाऱ्याने तर मुळीच नाही. तो पृष्ठभाग धुरकट करतो. सौम्य साबणाचं पाणी आणि मायक्रोफायबरचं मऊ कापड पुरतं. कोळशाची आणि पेस्टलची चित्रं मात्र ॲक्रिलिकमागे ठेवू नयेत. पुसताना त्यात स्थिर वीज तयार होते आणि ती कागदावरची भुकटी स्वतःकडे ओढून घेते. दोन-तीन मुक्कामांनंतर चित्राची निम्मी सावली ॲक्रिलिकच्या आतल्या बाजूला चिकटलेली दिसते. अशा चित्रांना काचच हवी, आणि प्रवासात त्या काचेवर मास्किंग टेपच्या आडव्या-उभ्या पट्ट्या. काच फुटली तरी तुकडे टेपला धरून राहतात, कागदात घुसत नाहीत. मुक्कामाला पोचल्यावर टेप लगेच काढावी, नाहीतर डिंकाचे डाग बसतात.

माउंटच्या आत काय चाललंय याकडे कुणी बघत नाही, आणि चित्रं तिथेच खराब होतात. जलरंगाचा कागद हवेतली ओल घेतो आणि फुगतो, कोरड्या हवेत आक्रसतो. फेब्रुवारीतलं नाशिक कोरडं. कसारा घाट उतरून मुंबईकडे गेलं की हवा दमट. कागद चारही बाजूंनी टेपने चिकटवून टाकला असेल तर त्याला हलायला जागा उरत नाही आणि मधे लाटा उठतात. तो फक्त वरच्या कडेला दोन ठिकाणी, पातळ जपानी कागदाच्या बिजागरीने आणि गव्हाच्या स्टार्चच्या खळीने टांगावा. खाली तो मोकळा लोंबता राहतो. सेलोटेप कधीच नको; काही वर्षांत ती पिवळी पडते आणि तिचा डाग कागदातून वर येतो. साध्या पुठ्ठ्याच्या माउंटमधलं आम्लही असंच चित्राच्या कडेने तपकिरी रेघ ओढत जातं, म्हणून माउंट आम्लमुक्त बोर्डाचाच घ्यावा. मागे हार्डबोर्डऐवजी फोमबोर्ड किंवा सनपॅक (पोकळ प्लास्टिकचं) शीट लावलं तर वजनही कमी होतं. माउंटचं दुसरं काम म्हणजे चित्र काचेपासून दूर ठेवणं. कागद काचेला चिकटला की आत जमलेला दव थेट रंगावर येतो आणि तिथे बुरशी धरते.

मागच्या हुकांबद्दल एवढंच, की बाहेर येणारे स्क्रू-हुक नकोत. पेटीत ते शेजारच्या फ्रेमला खरवडतात. चपट्या डी-रिंगा घ्याव्यात, वरून एक तृतीयांश उंचीवर, दोन बाजूंना दोन.

आता पेटी. ९ मिलिमीटर प्लाय, आतून सगळीकडे २ इंच ईपीई फोम (पॅकिंगचा लवचीक फोम), आणि तळाला व झाकणाला फ्रेम उभ्या बसतील अशा खाचा. पाऊण इंच जाडीची फ्रेम आणि अर्धा इंच मोकळी जागा धरली तर आठ फ्रेमना दहा इंच लागतात. पेटीचं बाहेरचं माप साधारण ३३ बाय २६ बाय १५ इंच, आणि भरलेलं वजन ३५ किलोंच्या आसपास. दोन माणसं ती जिन्यावरून न थांबता नेऊ शकतात. बारा फ्रेमची पेटी केली तर एक पेटी वाचते खरी, पण मग ती उचलायला तिसरा माणूस शोधावा लागतो. तो न सापडल्यामुळे पेटी फरशीवरून ओढली जाते, आणि ओढताना बसणारे हादरे घाटातल्या खड्ड्यांपेक्षा वाईट असतात.

झाकणाला खिळे नकोत, स्क्रू किंवा कड्या लावाव्यात. हातोडीचा प्रत्येक घाव आतल्या आठही फ्रेमच्या कोपऱ्यांना बसतो आणि तिरके सांधे उघडायला लागतात. फ्रेमवाल्याला आधीच सांगावं, की सांध्यात डिंक आणि मागून व्ही-नेल (व्ही आकाराची पत्र्याची पिन) दोन्ही हवेत. नुसत्या खिळ्यांवर धरलेला कोपरा फिरत्या प्रदर्शनात टिकत नाही. पेटीवर नंबर, वरची बाजू दाखवणारा बाण आणि झाकणाच्या आत कोणत्या खाचेत कोणतं चित्र याचा आराखडा चिकटवलेला असावा. फ्रेम पेटीत नेहमी उभ्या, तोंडाला तोंड आणि पाठीला पाठ. आडवी ठेवलेली काच प्रत्येक खड्ड्याला मधोमध वाकते.

कॅनव्हासवरच्या कामांची गोष्ट वेगळी. ॲक्रिलिक रंग पूर्ण वाळल्यावरही उन्हात मऊ पडतो आणि प्लास्टिकला चिकटतो. म्हणून आधी बटर पेपर, मग बबल रॅप, आणि बबल बाहेरच्या बाजूला. फुगे आत ठेवले तर त्यांचे गोल ठसे रंगावर उठतात. वर्तमानपत्र नको, त्याची शाई सुटते. तैलरंगाचं जाड थराचं चित्र हाताला कोरडं लागलं तरी आतून वाळायला कित्येक महिने घेतं. मागच्याच महिन्यात संपवलेलं चित्र चित्रकाराने कितीही आग्रह केला तरी फेरीत घेऊ नये.

टेम्पोत पेट्या ठेवताना चित्रांच्या कडा गाडीच्या दिशेला समांतर याव्यात. ब्रेक लागला की झटका फ्रेमच्या कडेने जातो, पृष्ठभागावर आदळत नाही. जागा केबिनच्या पाठीशी. मागच्या चाकांच्या मागे हौदा सगळ्यात जास्त उसळतो, तिथे वाळूच्या पिशव्या आणि हत्यारांची पेटी. ताडपत्री कडक उन्हाळ्यातही हवी. चालकाला चहा पाजून एकदा सांगावं की आत काय आहे. गतिरोधकावर पाय हलका पडतो.

पोचल्यावर पेट्या लगेच उघडायच्या नसतात. हवा बदललेली असते, आणि थंड पेटी उबदार खोलीत उघडली तर काचेच्या आत दव धरतो. संग्रहालयं चोवीस तास थांबतात. तालुक्याच्या गावात तेवढी चैन नसते, पण संध्याकाळी पोचून पेट्या हॉलमध्ये ठेवायच्या आणि सकाळी उघडायच्या, एवढं जमतं. त्या संध्याकाळी हॉल ओल्या फडक्याने पुसून घ्यावा. शाळेच्या हॉलमध्ये खडूची धूळ इतकी असते, की सकाळी केर काढला तर ती दुपारपर्यंत चित्रांवर बसते.

पॅनेल खिडक्यांना काटकोनात लावावीत. खिडकीसमोर लावलं तर प्रेक्षकाला काचेत चित्राऐवजी मैदान दिसतं. शिवाय थेट ऊन जलरंगाचा शत्रू आहे. लाल-गुलाबी छटा आधी उडतात. जुना ॲलिझरिन क्रिमसन यात बदनाम आहे, आणि विद्यार्थ्यांच्या स्वस्त डब्यांतले गुलाबी रंग त्याहून कच्चे. संग्रहालयात कागदावरच्या चित्रांना सुमारे ५० लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आणि तैलचित्रांना सुमारे २०० लक्स उजेड मान्य आहे. शाळेच्या हॉलमध्ये दिवसा त्याच्या कित्येक पट उजेड असतो, तो मोजून फार उपयोग नाही. मुक्काम लहान ठेवावा, रात्री पॅनेलवर कापड टाकावं, आणि उन्हाचा पट्टा दुपारी कुठे सरकतो ते आदल्या दिवशीच बघून घ्यावं. दिवे न्यायचेच असतील तर रंग खरे दाखवणारे, ९० किंवा त्याहून जास्त सीआरआयचे एलईडी, आणि उजेड वरून तिरका, उभ्या रेषेशी तीसेक अंशांनी, म्हणजे काच चमकत नाही. वीज जाणारच, म्हणून वेळ दिवसाउजेडी दहा ते चार.

चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ इंचांवर हा कलादालनांचा सर्वसाधारण नियम. पाचवी-सहावीच्या मुलांसाठी तो ५० इंचांवर आणावा. सहा फुटी पॅनेलवर हेही नीट बसतं, आणि मोठी माणसं थोडी वाकून बघतात, त्यात कमीपणा नाही.

उंचीचा एवढा विचार करायचा तो मुलांनी चित्राच्या जवळ यावं म्हणून. सुरगाणा किंवा पेठच्या मुलाने चित्रं पाहिलेली असतात ती पुस्तकात आणि मोबाइलवर. मूळ चित्र छापील चित्राहून नेमकं कशात वेगळं असतं, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं आणि सांगून कळतही नाही. नाशिकच्या जलरंगाची परंपरा घाटावर बसून शिकलेल्या माणसांची आहे. गोदाघाटाच्या पायऱ्या, नारोशंकराचं देऊळ, बुधवारच्या बाजारातल्या पालांच्या सावल्या, वाळत घातलेली धुणी. शिवाजी तुपे यांच्यासारख्या निसर्गचित्रकारांनी हा उजेड आयुष्यभर रंगवला, आणि कलानिकेतन या चित्रकला महाविद्यालयाचे विद्यार्थी अजून तिथे पॅड मांडीवर घेऊन बसतात. छापलेल्या चित्रात घाट दिसतो. मूळ चित्रात कागदाचा खरखरीतपणा दिसतो, त्यातल्या खड्ड्यांमध्ये साचलेले अल्ट्रामरीन निळ्याचे कण दिसतात, कोरडा ब्रश ओढल्यावर सुटलेली पांढरी ठिणगी दिसते, आणि रंगाखाली न पुसलेली पेन्सिलीची रेघ दिसते. चित्रकाराने देवळाचा कळस आधी दुसरीकडे काढला होता आणि मग हलवला, हे बारा वर्षांच्या मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. हे बघायला चित्रापासून फूटभर अंतरावर यावं लागतं. म्हणून मी दोरी लावून प्रेक्षकांना दूर ठेवण्याच्या विरुद्ध आहे. त्याऐवजी दाराशी एक टेबल ठेवावं: जलरंगाच्या जाड कागदाचे तुकडे, ब्रश, गेरूचा खडा, कॅनव्हासची चिंधी. हात लावायची हौस तिथे भागते, पॅनेलपर्यंत येताना हात शांत झालेले असतात.

चित्रांशेजारच्या चिठ्ठ्यांवर मजकूर मराठीत, मोठ्या अक्षरात, किमान २४ पॉइंट. चित्रकाराचं नाव, गाव, माध्यम, माप, आणि एक ओळ काय बघायचं याची. ‘पाण्याचा भाग बाजूने बघा, तिथे रंग लावलेलाच नाही, कागद कोरा सोडलाय.’ एवढं पुरतं. कलासमीक्षेची भाषा तिथे कुणाच्या कामाची नाही.

गटही मोजून सोडावेत. एका वेळी पंचवीस ते तीस मुलं, वीस मिनिटं. ४०० मुलांच्या शाळेला पंधरा गट, म्हणजे सलग पाच तास, आणि तेही शेजारच्या शाळा न धरता. म्हणून एका गावाला किमान दोन दिवस. एका दिवसात उरकलेल्या मुक्कामात मुलं चित्रांसमोरून रांगेत चालत जातात आणि तेवढंच होतं.

चार घड्यांबरोबर पाचवी घडी कोरी न्यावी. तिच्यावरच्या सहा जागा त्या गावाच्या. शाळेचे कलाशिक्षक, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणारी मुलं, गावातला बोर्ड रंगवणारा पेंटर, आणि आदिवासी पट्ट्यात वारली चित्रं काढणारी माणसं. त्यांना महिनाभर आधी कळवावं आणि त्याच मापाच्या सहा रिकाम्या फ्रेम आधी पाठवाव्यात. प्रादेशिक कलावंतांचं प्रदर्शन म्हणून फलक लावायचा आणि त्या प्रदेशाला फक्त प्रेक्षक करायचं, हे मला पटत नाही.

वारली चित्रांना हाताळणी वेगळी लागते. मूळ चित्र शेणा-गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाने, चावून कुंचल्यासारख्या केलेल्या बांबूच्या काडीने काढलेलं असतं, आणि लग्नाचा चौक सवाशिणी लिहितात. ते कागदावर आणि कापडावर आलं, जगभर गेलं, त्यात डहाणूकडच्या जिव्या सोमा मशे यांचा वाटा सगळ्यात मोठा. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. गेरू लावलेलं कापड घडी घालून नेलं तर प्रत्येक घडीवर रंग तडकतो. गुंडाळायचंच असेल तर चित्राची बाजू बाहेर ठेवून, किमान चार इंच व्यासाच्या पाइपवर, मधे बटर पेपर घालून. आणि तांदळाचं पीठ म्हणजे कसर आणि झुरळांना आमंत्रण, त्यामुळे पेटी रिकामी असतानाही बंद ठेवावी. चिठ्ठीवर नुसतं ‘वारली चित्र’ लिहू नये. जलरंगाखाली चित्रकाराचं नाव आणि इथे फक्त जमातीचं, हा भेद मुलांच्या लगेच लक्षात येतो.

पेठ-सुरगाण्याकडचे बोहाड्याचे, म्हणजे देवादिकांची सोंगं नाचवण्याच्या उत्सवाचे, मुखवटे मिळाले तर प्रदर्शनाला फार मोठी श्रीमंती येते. पण ते मागताना आधी विचारावं, की हा मुखवटा गावाबाहेर जातो का. काहींची पूजा होते, ते जात नाहीत, आणि तिथे आग्रह करू नये. कागदाच्या लगद्याचा मुखवटा ओलीने मऊ पडतो आणि डोळ्यांच्या भोकांतून खिळ्याला टांगला तर तिथेच फाटतो. तो टेबलावर, आतून कापडाच्या चुंबळीचा आधार देऊन ठेवावा. प्रवासात प्रत्येकाला स्वतंत्र खोका.

उद्घाटनाबद्दल दोन शब्द. समई, नारळ आणि हार हॉलच्या बाहेर व्हरांड्यात. समईची काजळी आणि नारळाचं पाणी दोन्ही मी चित्रांजवळ येऊ देणार नाही, आणि यजमानांना हे प्रेमाने सांगितलं तर ते ऐकतात.

कागदपत्रांचा कंटाळा सगळ्यांना येतो, म्हणून भांडणं तिथेच होतात. प्रत्येक चित्राचा एक तक्ता: नाव, माध्यम, माप, वर्ष, ठरवलेली किंमत, समोरचा-मागचा आणि चार कोपऱ्यांचा फोटो. प्रत्येक मुक्कामाला पेटी उघडताना आणि भरताना बॅटरी बाजूने तिरकी धरून चित्र बघायचं आणि तक्त्यावर तारीख टाकून सही करायची. तिरक्या उजेडात नवा ओरखडा, लाट, सुटलेला रंग लगेच दिसतो. असं केलं नाही तर शेवटी फुटलेली फ्रेम कोणत्या गावात फुटली यावर पंधरा जण बोलतात आणि कुणालाच माहीत नसतं. विमा फक्त गाडीतल्या प्रवासाचा घेऊ नये. चित्र चित्रकाराच्या घरच्या भिंतीवरून निघाल्यापासून परत तिथे लागेपर्यंतचा घ्यावा, कारण बरंचसं नुकसान चढ-उतार करताना आणि हॉलमध्ये होतं. टेम्पोत मालाचं चलन ठेवावं, त्यावर माल प्रदर्शनासाठी आहे आणि परत येणार आहे हे स्पष्ट लिहिलेलं.

विक्री झाली तर? फेरीच्या मधेच चित्र देऊन टाकलं की पुढच्या गावांना रिकामी जागा दिसते. लाल टिकली लावावी, अर्धी रक्कम घ्यावी, चित्र शेवटच्या मुक्कामानंतर द्यावं, आणि ही अट चित्रकाराच्या करारात आणि घेणाऱ्याच्या पावतीवर दोन्हीकडे असावी.

काळ कोणता? पावसाळ्यात पेठ-सुरगाण्याकडे जाण्यात अर्थ नाही. मार्चमध्ये परीक्षा, त्यानंतर उन्हाळा. डिसेंबरच्या अखेरीस स्नेहसंमेलनांसाठी हॉल अडकलेले. उरतो तो दिवाळीच्या सुट्टीनंतरचा महिना आणि मग जानेवारीचा मध्य ते फेब्रुवारी. दोन टप्प्यांत प्रत्येकी पाच-सहा गावं, एवढीच फेरी शहाणपणाची. घाटातले मुक्काम पहिल्या टप्प्यात घ्यावेत, माणसं ताजी असताना. मालेगाव, येवला, सिन्नर दुसऱ्या टप्प्यात. नाशिक शेवटी ठेवावं, म्हणजे पाचव्या घडीवर गावोगावी लागलेल्या कामांतली निवडक कामं शहरात पोचतात. ती निवड कुणी करायची हे फेरी निघण्याआधी ठरलेलं असावं, आणि निवडलेल्या प्रत्येकाला नाशिकला येण्या-जाण्याचा खर्च अंदाजपत्रकात धरलेला असावा.

परतीच्या वेळी चित्रं चित्रकाराच्या घरी पोचवावीत, ‘येऊन घेऊन जा’ असा निरोप देऊ नये. तक्त्यावर शेवटची सही त्यांची, आणि विक्रीचे पैसे त्याच भेटीत. मुखवटे मात्र नाशिकच्या मुक्कामासाठी थांबवू नयेत. होळीनंतर गावोगावी बोहाड्यांची तयारी सुरू होते, म्हणून ते फेब्रुवारीतच, त्यांच्या खोक्यांसकट, ज्याच्या घरून आणले त्याच्याच हातात परत गेलेले असावेत.